गोमा सुताराचा घाव

फार फार मागची गोष्ट. कासवलीच्या खाडीवर तेव्हा दगडाचं एकही घर नव्हतं. सगळी घरं लाकडाची, उंच खांबांवर उभी, आणि ती बांधणारा एकच, गोमा सुतार. तो होड्याही बांधायचा, म्हणून घराच्या फळ्यांच्या फटींतसुद्धा पाणी शिरू नये असा कापूस नि राळ ठासायचा. लोक हसायचे, "गोमादादा, वल्हं कुठं बांधू रं या घराला?"

पवळीबाईचं घरही त्यानंच बांधलं. तिचा नवरा समुद्रात गेला होता, परत आली ती नुसती होडी. त्याच होडीच्या फळ्या या घराला लावल्या होत्या. तिच्याजवळ त्याचं तेवढंच उरलं होतं.

घरभरणीच्या दुपारी गावातली चाळीसच्या चाळीस माणसं आत जेवायला बसली. पवळीबाई भात वाढत होती. एवढ्यात घर हादरलं. खालून ठाक ठाक आवाज येऊ लागला. ती धावत बाहेर आली आणि जागीच थिजली. गोमा कुऱ्हाडीनं तिच्या घराचे खांब तोडत होता!

"अरे मेल्या, काय करतोस?"

"भरतीची वेळ आहे बाय, आणि खाडी कोरडी पडलीय. मागं गेलेलं पाणी आता डोंगराएवढं होऊन येईल. आत जा, दार लाव!"

तिनं खाडीकडं पाहिलंच नाही. तिला तुटके खांब तेवढे दिसत होते. "तुझा हात झडो!" ती किंचाळली.

तोच पाण्याची भिंत दिसली. लोकांनी तिला आत ओढलं. शेवटच्या खांबावर घाव बसला आणि सुटलेलं घर होडीसारखं पाण्यावर उचललं गेलं. असं म्हणतात, ते माडांच्या शेंड्यांवरून तरंगत गेलं आणि डोंगरउतारावर अलगद टेकलं. आत पाण्याचा थेंब नव्हता.

गोमा कुठंच सापडला नाही. घराच्या तळाला उरलेल्या तुटक्या खांबात त्याची कुऱ्हाड रुतलेली होती. असं म्हणतात, मेणात उमटावीत तशी तिच्या दांड्यावर पाच बोटं उमटली होती. पवळीबाईनं त्या बोटांवर आपलं कपाळ टेकलं.

आज कासवलीत सिमेंटची घरं झाली, तरी प्रत्येक घरात एक लाकडी खांब असतोच. घरभरणीला घरातली थोरली बाई दोन्ही हातांनी सुताराला कुऱ्हाड देते. "घाल, दादा," म्हणते. तो खांबावर एकच घाव घालतो. त्या घावावर कुणी कधी रंग लावत नाही.

आणि मग ती बाई सुताराचा हात आपल्या कपाळाला लावते.