न ऐकलेली वार्ता

एका दरबारात एकदा एक राजवैद्य होते, धुंडिराजशास्त्री नावाचे. नाडीपरीक्षेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि निदानशास्त्रावर त्यांनी लिहिलेली टीका दूरदूरचे वैद्य उतरवून नेत. एवढा मान मिळालेला हा विद्वान राहत होता मात्र एकटा. त्या दरबारची रीतच तशी होती. राजवैद्याने बिऱ्हाड कोटाच्या आत करायचे आणि घरच्यांना गावी ठेवायचे. न जाणो, बायकोपोरांच्या गळ्याला सुरी लावून कुणी वैद्याकडूनच औषधात विष कालवून घेतले तर? नियम शहाण्या मंडळींनी केलेला होता, त्यामुळे वैद्याला संध्याकाळी कुणाशी दोन शब्द बोलावेसे वाटतील, हा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते. शास्त्रीबुवांची पत्नी, मुलगा आणि थोरले बंधू गावी राहत. जवळ होता तो विश्वंभर, तिशीला आलेला त्यांचा शिष्य.

एका वर्षी राजाला सन्निपाताचा ज्वर आला. शास्त्रीबुवा सकाळी महालात जात आणि दिवस कलल्यावर परतत. काढा त्यांच्याच हातचा, नाडी त्यांच्याच बोटांखाली. दुसऱ्या कुणाला राजाच्या अंगाला हात लावण्याची मुभा नव्हती, विश्वंभरालाही नाही.

अशात एके सकाळी गावाहून त्यांचा जुना गडी भिवा आला. शास्त्रीबुवा महालाकडे निघण्याच्या तयारीत होते. भिवा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याने राम राम घातला नाही, विश्वंभराने पुढे केलेले पाणीही घेतले नाही. तो तोंड उघडणार, तोच शास्त्रीबुवांनी हात वर केला.

"भिवा, बोलू नकोस. एक अक्षरही नको. मागच्या पडवीत मुक्काम कर. मी विचारीन तेव्हाच सांग. आणि या विश्वंभरालाही काही सांगायचं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं मला वाचता येतं."

एवढे बोलून ते चालू लागले. भिवा गोंधळून तसाच उभा राहिला.

पुढे रोज तेच. संध्याकाळी शास्त्रीबुवा परतले की भिवा पडवीत उठून उभा राही, आणि ते त्याच्याकडे न पाहता आत निघून जात. पानावर बसत, भात कालवत आणि तसाच ठेवून उठत. विश्वंभर शहरात वाढलेला होता. त्याला यातले काही उमगेना, उमगले एवढेच की आपले गुरू आपल्याला वाटत होते तेवढे मोठे नाहीत. शेवटी एके दिवशी त्याला राहवले नाही.

"गुरुजी, तो बिचारा इतक्या लांबून पायी आला आहे. घरचा निरोप ऐकायला आपल्याला घटकाभर सवड नाही? राजा तेवढा मोठा आणि घरची माणसं लहान, असंच ना?"

"तसं समज," शास्त्रीबुवा म्हणाले आणि खोलीचे दार त्यांनी आतून लावून घेतले. विश्वंभराला फार वाईट वाटले. राजाचे काय व्हायचे ते होऊ दे, त्यानंतर इथे राहायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

अखेर एकदाचा राजाला घाम फुटला. ताप उतरला, त्याने डोळे उघडले आणि भाताची पेज मागितली. त्या दिवशी शास्त्रीबुवा दुपारीच घरी आले. त्यांनी भिवाला अंगणात बोलावले आणि विश्वंभराला समोर बसवले.

"भिवानं पाणी घेतलं नाही, तेव्हाच मला कळलं," ते म्हणाले. "आमच्याकडे मृत्यूची वार्ता आणणारा पाणी घेत नाही, उंबरा ओलांडत नाही. पण सुतक लागतं ते वार्ता कानावर पडल्यावर. वैद्याला शास्त्रानं सूट दिली आहे, पण हा दरबार शास्त्राहूनही सोवळा. मी ऐकलं असतं, तर त्याच घटकेला नाडीवरचा माझा हात काढून घेतला गेला असता. बाहेर शिरा कापून रक्त काढणारे टपून बसले होतेच. तसल्या ज्वरात रक्त गेलं असतं, तर राजा वाचला नसता. दरबाराला फसवलं म्हणायचं तर म्हण. तो दोष माझा."

"म्हणजे आपल्याला ठाऊक होतं!"

"कुणीतरी गेलं, एवढंच. कोण, ते नाही. घरात माणसं तीन. काढा उकळताना वाटायचं, मुलगा गेला. परत येताना वाटायचं, ती गेली. पानावर बसलो की दादा आठवायचा. घरातलं एक माणूस गेलं असेल, विश्वंभर, मी तिघांना अग्नी दिला. आणि रडता येईना, कारण रडायचं कुणासाठी?"

विश्वंभराची मान खाली गेली. शास्त्रीबुवा भिवाकडे वळले.

"आता सांग."

"थोरलं मालक गेलं जी," भिवा म्हणाला.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "म्हणजे ती दोघं आहेत," त्यांच्या तोंडून निघून गेले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानी आले. ज्या भावाने त्यांना बोट धरून पाठशाळेत नेऊन बसवले होते, त्याच्या मरणाची वार्ता ऐकून त्यांना आधी सुटल्यासारखे वाटले होते. तो म्हातारा ओसरीवर बसल्या बसल्या हुंदके देऊन रडू लागला.

विश्वंभर उठून त्यांच्याकडे सरकला.

"शिवू नकोस," हुंदके आवरत शास्त्रीबुवा म्हणाले. "मला सुतक लागलं. आता नाडी धरायची नाही, नुसतं औषध पोचवायचं आहे; महालात तुला जावं लागेल."

"आंघोळ करून जाईन," विश्वंभर म्हणाला आणि गुरूंच्या पाठीवर हात ठेवून त्यांच्याजवळ बसून राहिला.