तिखुंटीचा माळ

ह्या तीन बाभळी दिसतात ना, तिथून सुरुवात करू. तीन कोपऱ्यांवर तीन बाभळी आणि चौथा कोपरा मोकळा. ह्या चौकात तंबू लावायचा नाही. बाकी सगळा माळ तुमचाच आहे. गाड्या मोरीच्या अलीकडे ठेवा. पाणी शाळेच्या टाकीतून घ्या, संडास शाळेच्या मागे आहेत. चूल मांडायची तर खाली ओढ्याच्या काठाला मांडा, वरचा वारा कुणाचं ऐकत नाही. आणि एक लक्षात ठेवा, इथं उभ्या पालाचीच जागा. दिवस मावळायच्या आत ज्याचं पाल उभं, त्याची जागा पुढच्या जत्रेलाही त्याचीच. नाही उभं राहिलं तर ती दुसऱ्याला जाते. कारागिरांच्या जत्रेचा हा जुना नियम, त्यात नात्यागोत्याचा विचार होत नाही.

मी तायाप्पा सणगर. घोंगडी विणतो. सव्वीस वर्षं मी आणि माझी गोदा त्या पलीकडच्या बांधाशी उतरत आलो. ती गेल्या आषाढात गेली. यंदा मी एकटाच आलो आहे. मघाशी मी तिथं खुंट्या ठोकत होतो, तेव्हा ह्या ताईंनी लांबूनच माझा फोटो काढला आणि पाय न वाजवता परत फिरल्या. कामात आडवं यायला नको, म्हणून. चांगली रीत आहे. आमच्यातही तीच रीत आहे, आणि ही गोष्ट त्याच रीतीची आहे.

फार जुनी गोष्ट. आमच्याच जातीचा सिदाप्पा नावाचा विणकर होता, असं सांगतात. ह्या चौकात त्याचं पाल पडायचं. एका साली तो तापानं गेला. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, "लगमे, जत्रंतली जागा मोडू देऊ नगंस." घर नाही, शेत नाही, दोघांची म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती. लगमाक्कानं शब्द दिला, आणि जत्रेच्या दिवशी पाल डोक्यावर घेऊन सात कोस एकटी चालत आली.

पाल उभारणं एकट्याचं काम नव्हे. एकानं कोपरा ओढून धरायचा, दुसऱ्यानं खुंटी ठोकायची. लगमाक्कानं तीन खुंट्या ठोकल्या. चौथीला हात घातला की वारा कापड उचलायचा, मधली काठी आडवी व्हायची. पुन्हा काठी उभी करायची, पुन्हा कोपरा ओढायचा. दुपार गेली, तिसरा प्रहर गेला.

सगळी जत्रा बघत होती. कुंभार बघत होते, बुरूड बघत होते, आमचे सणगर तर हाकेच्या अंतरावर होते. जत्रेचा मानकरी कोंडीबा, तोही सणगरच. त्यानं लांबून विचारलं, "काय चाललंय गं?"

ती म्हणाली, "तणावा लावतीया."

तणावा म्हणजे पालाचा दोर. पण वारा तो असा, शेवटचं अक्षर वाटेतच खाल्लं. उरलं नुसतं तणा, आणि कोंडीबाला ऐकू आलं, ताणा लावतीया. ताणा म्हणजे घोंगडीचे उभे धागे. तोही असाच माळावर खुंट्या ठोकून लावतात. आणि ताणा लावणाऱ्याशी बोलायचं नसतं, त्याच्या जवळूनही जायचं नसतं. धाग्यांची मोजणी चुकली की घोंगडं तिरकं निघतं. कोंडीबानं मान हलवली आणि सगळ्यांना सांगितलं, बाई कामात आहे, तिला कुणी हटकू नका. मग ज्याला त्या वाटेनं जायचं होतं तोही वळसा घालून गेला. तिला मात्र वाटलं, विधवेची सावली टाळतात. ती पुन्हा कुणाशी बोलली नाही.

दिवस मावळला. कोंडीबानं रिवाजाप्रमाणे माळावरून फेरी मारली आणि पुकारा केला, "सिदाप्पाचं पाल उभं न्हाई, सिदाप्पाची जागा मोडली." तिनं ते ऐकलं. पाल गुंडाळून डोक्यावर घेतलं आणि आली त्या वाटेनं चालू लागली. पुढं ती कुणाला दिसली नाही.

सकाळी कोंडीबा ताणा बघायला आला. लोकरीचा एक तंतू नव्हता, चिंचोक्याच्या खळीचा डाग नव्हता. तीन कोपऱ्यांवर तीन खुंट्या होत्या आणि चौथ्या कोपऱ्यावर जमिनीला भोकंच भोकं पडलेली. एकाच खुंटीची. म्हणे, तो तिथं बसून लहान पोरासारखा रडला. सात गावं धुंडाळली, पण ती सापडली नाही. मग त्यानं ह्याच जागी उभं राहून आण घातली. इथून पुढं आपली चौथी खुंटी कुणी आपल्या हातानं ठोकायची नाही, ती शेजाऱ्यानं ठोकायची. आणि ज्याची अडेल त्यानं मागायचंही नाही. बघणाऱ्यानं जवळ जाऊन विचारायचं, "कोपरा धरू का?"

पुढच्या जत्रेला लोक आले तर तिन्ही खुंट्यांना पालवी होती. शेवग्याची काठी रुजते, हे तुम्हालाही माहीत आहे. बाभळीची रुजत नाही. पण रुजली, असं सांगतात. चौथ्या कोपऱ्यावर पुढं किती जणांनी बाभळी लावून पाहिल्या, एकही जगली नाही.

आजही ह्या माळावर रामराम नंतर, आधी "कोपरा धरू का?" तुमच्या तंबूंना आठ-दहा खुंट्या असतील, शेवटची तेवढी शेजाऱ्यासाठी ठेवा. आमची चौथी खुंटी शेजारचे कुंभार ठोकायचे आणि कोपरा गोदा धरायची. कुंभार यंदा आलेले नाहीत. बाकीच्यांना वाटतं, तायाप्पा जुना माणूस, त्याला काय विचारायचं.

बोलता बोलता वेळ बराच गेला. दिवस अजून कासराभर वर आहे. ताई, तो मघाचा फोटो जरा काढून बघा. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा घोंगडीची तयारी करतोय. मी ताणा लावत नव्हतो. त्यात खुंट्या किती आहेत, तेवढं मोजा.