सीनेच्या पाण्यातली हजेरी

सीनेच्या काठावर भिंगरीची वस्ती म्हणून पारध्यांची वीस-बावीस घरं आहेत. इथले लोक ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बाप्तिस्मा नदीत होतो. माणूस पाण्यातून वर आला की पाळक त्याचं नाव पुकारतो आणि तो ओल्या अंगानं म्हणतो, "हजर." बाहेरच्या पाहुण्यांना याचं हसू येतं. मग मंडळीतले वडीलधारे याकोबआजा त्यांना काठावर बसवून घेतात आणि सांगतात.

त्या काळी पारध्याचं मूल जन्मतःच गुन्हेगार धरलं जाई. तसा कायदाच होता, आणि तो करणारे शिकलेले लोक होते. सकाळ-संध्याकाळ सगळ्या वस्तीनं पाटलासमोर हजेरीला उभं राहायचं. पाटील प्रत्येक नावाआधी 'चोर' लावी, आणि त्याला 'हजर' म्हणावं लागे. अंगावरच्या पोरांसाठी म्हणे आया 'हजर' म्हणत.

या वस्तीत सुरमल्या नावाचा माणूस होता. त्यानं खरोखरच चोऱ्या केल्या होत्या. आजा ते लपवत नाहीत. एका फिरत्या पाळकाकडून त्यानं ख्रिस्ताविषयी ऐकलं, सगळं कबूल केलं आणि सीनेत बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या दिवशी चार कोस चालत जाऊन एका म्हातारीला तिची चांदीची साखळी परत केली. तिनं आधी शिव्या दिल्या आणि मग भाकरी दिली, असं सांगतात.

संध्याकाळी पाटलानं पुकारलं, "चोर सुरमल्या?" सुरमल्या समोर उभा होता, पण बोलला नाही.

"बुडी मारून चोराचा साव होतो का रे?" पाटलानं विचारलं. लोक हसले.

"चोर बुडाला, पाटील. वर आलो तो मी. नुसतं सुरमल्या म्हणा, हजर म्हणतो."

पाटलानं चार हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला गैरहजर ठरवलं. असं तीनदा झालं की तुरुंग होता. त्याची बायको भिंगरी गरोदर होती, आणि तिचा अजून बाप्तिस्मा झाला नव्हता. ती त्याच्या पाया पडली. एक शब्द तर आहे, म्हणाली, जीभ झिजणार आहे का तुझी? तो तिच्याजवळ बसून रडला, म्हणे. देवानं पुसलेलं मी परत कसं लिहू, एवढंच म्हणाला.

तिसऱ्या हजेरीनंतर त्याला नेलं. पावसाळा संपता संपता तो तुरुंगात तापानं मेला. वस्तीला कोणी कळवलंसुद्धा नाही; सुटून आलेल्या एकाकडून भिंगरीला समजलं. त्या संध्याकाळी पाटलानं "चोर भिंगरी?" असं पुकारलं. ती तान्हं मूल कडेवर घेऊन गप्प उभी राहिली. तिच्या मागचाही गप्प राहिला. दिवे लागेपर्यंत पाटील पुकारत होता आणि सगळी वस्ती समोर उभी होती.

किती जणांना नेलं ते आजा सांगत नाहीत. भिंगरीला नेलं, एवढं सांगतात. सुटल्यावर ती आधी नदीवर गेली. बाप्तिस्मा घेऊन वर आली आणि पाळकांना म्हणाली, "माझं नाव घ्या. पुढंमागं काही लावू नका."

"भिंगरी," पाळक म्हणाले.

"हजर."

तो कायदा कधीच गेला. पण आजही आसपास कुठं चोरी झाली की पोलिसांची जीप आधी या वस्तीत येते. माणसं बाहेर येऊन उभी राहतात आणि शिवी घालून मारलेल्या हाकेला ओ देत नाहीत. परवा एका पाहुण्यानं सहज विचारलं, आजा, तुमची मुलं काय करतात?

"धाकटा विहिरी खणतो," आजा म्हणाले. "थोरल्याला मंगळवारी नेलंय. नाव नीट घेतलं नाही त्यांनी."