गेणू ड्रायव्हर आणि हवा मोजणारी तार

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. नाव गेणू. सांगाल ते मन लावून करायचा, फक्त भलत्या ठिकाणी करायचा. दामूअण्णा खापरे यांची छोटी गाडी तो चालवी. अण्णांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. ते द्यायचं की नाही, हे ठरवायला पक्षाचे साहेब गावात सभेला येणार होते. अशा वेळी अण्णांनी भरवसा ठेवला तो गेणूवर.

आदल्या दिवशी गाडी आचके देऊ लागली. मुनाफभाई मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टरच्या मागच्या नळीतून सेन्सर काढून दाखवला. आत केसाएवढी बारीक तार.

"ही तार गरम असती," मुनाफभाई म्हणाला. "इंजिनात जाणारी हवा तिला गार करती. त्यावरनं कॉम्प्युटरला कळतं, हवा किती आली. मग तो तेवढ्याच बेतानं पेट्रोल सोडतो. तारेवर घाण बसली, की सगळं चुकतं. अशा वक्ताला हात लावायचा न्हाई, पुसायचं न्हाई. लांबनं फवारा मारायचा आन् आपोआप सुकू द्यायचं."

"समजलं," गेणू म्हणाला.

सकाळी साहेब आले. हार घेऊन अण्णा पुढे धावले, ते थेट गटारात.

"गेणू, हात दे!"

गेणूनं हात मागे बांधले. मग पाण्याचा पाइप आणला आणि लांबून अण्णांवर फवारा मारला. टॉवेल घेऊन आलेल्या वहिनींना त्यानं अडवलं. "पुसायचं न्हाई, वहिनी. आपोआप सुकू द्या." अण्णा उन्हात निथळत उभे. साहेब बघत होते.

"मुडद्या!" अण्णा ओरडले. "घाण लागली की टॉवेलनं खसाखसा पुसायचं असतं!"

"समजलं."

साहेबांची गाडी पुढे पाठवून अण्णांनी हट्टानं त्यांना आपल्याच गाडीत बसवलं. वाटेत धुरळा उडाला, गाडीनं पुन्हा आचका दिला. गेणूनं उतरून सेन्सर काढला आणि टॉवेलनं खसाखसा पुसला. तार तुटली. साहेब सभेला चालत गेले. अण्णा मागून छत्री धरून.

मुनाफभाईनं येऊन नवा सेन्सर बसवला. "येडा हाईस का? ह्येचं काम एकच. आत किती आलं, ते खरं सांगायचं. कमी न्हाई, जास्त न्हाई. आन् नळी फाटून मधनंच चोरून हवा शिरली, तर ती मोजली जात न्हाई."

"समजलं."

सभेला मंडप गच्च भरला होता. साहेब खूश झाले. दारात उभ्या गेणूला त्यांनी विचारलं, "काय रे, माणसं किती आली?"

"दारानं आपणहून आली ती चाळीस, साहेब. बाकीची अण्णांनी टेम्पोतनं आणून मागनं घुसवली. चोरून शिरलेली मोजत न्हाईत."

साहेब भडकले. टेम्पोतली माणसं त्यांच्याही सभेला असतात, पण हे असं चारचौघांत सांगतात होय? ते आपल्या गाडीत बसून तालुक्याला निघाले. संध्याकाळी तिथे उमेदवाराचं नाव जाहीर व्हायचं होतं, आणि तिकिटाचे दुसरे इच्छुक पोपटराव हार घालून घ्यायला तयारच बसले होते.

अण्णांना रडू फुटायचं बाकी होतं. "आरं गाढवा, किती हाय म्हणून कुणी इचारलं, तर दहापट सांगायचं असतं! सगळं राजकारण त्यावर चालतं!"

"समजलं."

"चल, साहेबांना गाठू. पाय धरतो त्यांचे. पेट्रोल किती हाय?"

"धा लिटर, अण्णा!"

घाट अर्धा चढला आणि गाडी थांबली. मागेपुढे चिटपाखरू नाही. घाटापलीकडून, तालुक्याच्या बाजूनं, फटाक्यांचा आवाज आला.

"धा लिटर होतं न्हवं?" अण्णांनी कपाळावर हात मारला.

"एकच होतं," गेणू म्हणाला. "पण तुम्ही इचारलंत."

त्या गाडीत खरं सांगणारा आता एक सेन्सरच उरला होता. त्याला अण्णांनी अजून काही शिकवलं नव्हतं.