हिरव्या बटणाची चिठ्ठी

फार पूर्वी, वेबसाइट उघडेपर्यंत चहा उकळून, पिऊन, कपही विसळून व्हायचा, त्या काळची गोष्ट. एका वेबसाइटवर अर्जाच्या तळाशी दोन बटणं राहायची. हिरवं अर्ज पाठवायचं, लाल अर्ज पुसायचं. वेबसाइट बांधणाऱ्याने प्रत्येकाला नावाची चिठ्ठी दिली होती, पण या दोघांनी ती लपवून ठेवली. "आपला रंग बघून कळतं की! नावं सांगत बसायला आपण काय रकाने आहोत?" हिरवं म्हणायचं.

एके दिवशी द्वारकाकाकू आल्या. त्यांना दिसत नव्हतं. पडद्यावरची नावं मोठ्याने वाचून दाखवणारा, पण रंग न कळणारा संगणकातला वाचक त्यांच्यासोबत असे. साठाव्या वर्षी त्यांना गाण्याच्या परीक्षेला बसायचं होतं आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. रकाने आपापलं नाव सांगत गेले, काकू भरत गेल्या.

वाचक तळाशी पोहोचला. "तू कोण रे?"

"दिसत नाही का?" हिरवं ऐटीत म्हणालं.

"काकू, इथे दोन बटणं आहेत. दोन्ही बिननावाची."

काकूंचं बोट थबकलं. "एक पाठवणार, एक पुसणार. चुकीचं दाबलं तर सगळं गेलं. राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तोवर गळा टिकला तर."

त्यांनी हात मागे घेतला, तसा हिरव्याचा रंगच उतरला. त्याने चुरगळलेली चिठ्ठी काढली आणि कशीबशी वाचली, "अर्ज पाठवा."

वाचकाने सांगताच काकू हसल्या. "मग पाठव रे बाळा."

अर्ज गेला.

लाल बटण मग हळूच म्हणालं, "माझी चिठ्ठी कुठे लपवली होती रे आपण?"