उपटलेली नाल

"माझी नाल का उपटलीत, ते आधी सांगा."

भगीरथनं हत्यारांची पिशवी ऐरणीशेजारी आपटली. आतल्या पकडी खणखणल्या.

दस्तगीर उस्ताद कानस पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दोनशे माणसं होती, उस्ताद. दोनशे माणसांसमोर तुम्ही माझं काम काढून फेकलंत. तुमच्या चेल्याचं काम."

"हं."

"हं काय?"

...

नदीकाठच्या घोडेबाजाराचा तो तिसरा दिवस होता. बाजाराच्या टोकाला, पाण्याच्या हौदाजवळ दस्तगीर नालबंदांची राहुटी असे. चाळीस वर्षं त्यांनी त्याच जागी घोड्यांना नाल ठोकली होती.

भगीरथ त्यांच्याकडे शिकायला येऊन दोन वर्षं झाली होती. तो लोहाराच्या घरातला, सत्तावीस वर्षांचा. शहरातल्या एका संस्थेत नालबंदीचं वर्षभराचं शिक्षण घेऊन तो पहिला आला होता. हे तो विसरत नसे, आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

त्या सकाळी पाखरे नावाच्या व्यापाऱ्यानं एक तांबूस घोडी आणली. पुढच्या डाव्या पायानं ती लंगडत होती. उस्ताद नमाजाला गेले होते.

"हिला बाजारापुरती सरळ चालती करतोस का?" पाखऱ्यानं विचारलं होतं. "का म्हाताऱ्याची वाट बघू?"

भगीरथला ते लागलं. त्यानं घोडीचा पाय उचलला, पकडीनं तळवा दाबून बघितला. एका जागी दाबलं की घोडी पाय ओढून घेत होती. त्यानं तेवढी जागा हेरली, नालेखाली जाड चामडं घातलं आणि दुखऱ्या बाजूवर भार पडू नये म्हणून तिथं नाल पोकळ ठेवली. सहा खिळे. एकही वाकडा नाही.

घोडी पाय टेकवून सरळ चालू लागली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग उस्ताद आले. त्यांनी घोडी चालताना पाहिली, कुणाशी बोलले नाहीत, खाली बसले आणि मोठी पकड लावून नाल उपटली.

घोडी लंगडली. घोडी घ्यायला आलेली बाई मागं सरली, होऊ घातलेला सौदा मोडला. पाखऱ्यानं उस्तादांना नाही नाही ते बोलून घोडी ओढत नेली.

...

"नाल वाकडी होती का?" भगीरथनं विचारलं.

"नाही."

"खिळा जिवंत भागात गेला होता?"

"नाही."

"खुराला बसली नव्हती?"

"अशी बसलेली नाल मी दहा वर्षांत पाहिली नाही," उस्ताद म्हणाले. "सुरेख होती."

दोन वर्षांत भगीरथनं हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"मग का उपटलीत?"

"सुरेख होती म्हणूनच. वाईट असती तर राहू दिली असती."

"ही काय बोलायची रीत झाली?" भगीरथचा आवाज चढला. "सरळ सांगा. माझी चूक असेल तर कान धरा. पण ही कोडी नकोत. मी कोड्यांसाठी दोन वर्षं शेण उचललं नाही!"

उस्तादांनी कानस खाली ठेवली.

"वाईट नालेवर ती लंगडली असती. घेणाऱ्याला दिसलं असतं."

"घेणाऱ्याशी मी खोटं बोललो नाही. व्यापारी बोलला."

"तो तोंडानं बोलला."

...

"तुम्ही कधी केलं नाहीत असं?" भगीरथ म्हणाला. "चाळीस वर्षांत? एकदाही नाही?"



"केलंय. एका टांग्याच्या घोड्याला. अठरा दिवस चालला तो."

"आणि मग?"

"एकोणिसाव्या दिवशी जुंपलेलाच खाली बसला. पुन्हा उठला नाही."

भगीरथ काही बोलणार, तेवढ्यात राहुटीच्या तोंडाशी एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, पायात पुरुषी बूट. घोडी घ्यायला आलेली तीच. कमळाबाई उगले. डोंगरावरच्या गावात ती पर्यटकांना घोड्यावरून फिरवत असे. तिचा म्हातारा घोडा पावसाळ्यात गेला होता.

"ती नाल कुणी ठोकली होती, चाचा?"



"मी," भगीरथ म्हणाला.

कमळाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आमच्याकडची वाट कधी बघितलीस?"

"नाही."

"एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी. मधे घोडं चालेल एवढीच जागा. वर शहरातली लेकरं बसलेली असतात. चार वर्षांची, पाच वर्षांची. आयबाप मागनं फोटो काढत येतात. मी दोर धरून पुढं असते. घोडं पुढच्या पायावर बसलं, तर मी काय धरू? दोर, का लेकरू?"

"हे तुम्ही पाखऱ्याला विचारा," भगीरथ म्हणाला. "घोडी त्याची होती."

"त्याला काय विचारायचं? तो विकायलाच बसलाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू पायापाशी बसला होतास."

ती वळून निघून गेली.

भगीरथचे कान तापले. त्यानं उस्तादांकडे बघितलं. त्यांनी कानस पुन्हा उचलली होती.

"तुम्हाला बरं वाटलं असेल," तो म्हणाला.

...

"भगीरथ मेस्त्री!" बाहेरून हाक आली.

पाखरे होता. राहुटीत पाऊल न टाकता तो बाहेरूनच बोलला.

"म्हाताऱ्याच्या हाताखाली किती दिवस सडणार? बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक उभं आहे. लांबून आलंय, इथला तमाशा त्यानं बघितला नाही. सकाळसारखीच नाल ठोक. उद्यापासून माझे सगळे घोडे तुझे. बाजारभर तुझंच नाव."

भगीरथनं पिशवी उचलली.

"जाऊ?" त्यानं विचारलं. त्या विचारण्यात परवानगी मागणं नव्हतं.

उस्ताद कानस पुसत राहिले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

त्याचाच त्याला जास्त राग आला. हा माणूस भांडतसुद्धा नाही! पिशवी खांद्यावर टाकून तो पाखऱ्यामागून निघाला.

बाजारभर लोक त्याच्याकडे बघत होते. सकाळी टाळ्या वाजवणारे तेच.

...

घोडी बाभळीला उन्हात बांधली होती, गिऱ्हाईक अजून तिच्यापर्यंत आलं नव्हतं. पुढचा डावा पाय ती टेकवत नव्हती, नुसतं टोक मातीला लावून उभी होती.

थोड्या अंतरावर कमळाबाई दुसरं एक घोडं बघत होती. तिनं भगीरथला पिशवीसकट येताना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

भगीरथ खाली बसला. त्यानं अजून हातही लावला नव्हता. घोडीनं आपण होऊन पाय उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

त्यानं खुराला तळहात लावला.

खूर गरम होता. सकाळीही गरमच असणार. सकाळी त्याचं लक्ष नालेच्या मापावर होतं. त्यानं खुराच्या वर, घोट्याशी बोटं लावली. शीर टणटण उडत होती.

"ठोक की," पाखरे म्हणाला.

"हिच्या पायात काही घुसलं होतं का?"

"खिळा गेला होता. महिना झाला असेल. काढून टाकला."

"औषधपाणी?"

"अरे, घोडी आहे ती. आपोआप भरतं."

"मला सकाळी का सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस का?" पाखरे म्हणाला.

भगीरथ उठला नाही. पिशवीतून त्यानं नाल काढली नाही, आकड्या टोकाची सुरी काढली.

"सुरी कशाला?"

भगीरथ तळवा तासू लागला. पातळ पातळ चकत्या खाली पडत गेल्या. एका जागी काळा ठिपका दिसला. घोडी थरथरली, मान फेकू लागली. पाखऱ्यानं दोर सोडून दिला.

"थांब! भोक पाडतोस की काय? आज विकायचीय ती! महिनाभर उभी राहील ही!"

"राहू दे."

"तुझ्या बापाची आहे का?"

घोडीनं पुढचे दोन्ही पाय उचलले असते, पण कुणीतरी तिचा दोर घट्ट धरला. कमळाबाई होती. ती भगीरथकडे बघत नव्हती. घोडीच्या कानाशी तोंड नेऊन हळू हळू काहीतरी बोलत होती.

सुरीचं टोक आत गेलं. काळपट पू उडाला तो भगीरथच्या हातावर, सदऱ्यावर. भोवतीची माणसं नाकाला हात लावून मागं सरली.

घोडीनं एक मोठा श्वास सोडला. तिची मान खाली आली.

भगीरथनं जखम धुतली. शेजारच्या चहावाल्याकडून कोमट पाणी आणि मीठ मागून आणलं, पाय बादलीत धरून ठेवला. पाखऱ्यानं येऊन बादलीला लाथ मारली. भगीरथनं दुसरी भरून आणली. तीही लाथाडायला पाखरे पुढं आला, तेव्हा भगीरथ उठून त्याच्यासमोर उभा राहिला. सुरी खाली होती, हात मोकळे होते.

पाखरे मागं सरला. मग तिथूनच ओरडत सुटला. हा चोर आहे, याला घोड्याचं काही कळत नाही, यानं माझी धडधाकट घोडी चिरली.

भगीरथनं खुराला कोंडा-मिठाचं पोटीस बांधलं, वरून गोणपाट गुंडाळलं आणि गाठ मारली. एवढं होईतो ऊन कलंडलं.

"महिन्यानं बघायला येईन," कमळाबाई पाखऱ्याला म्हणाली. "जखम भरलेली असली तर घेईन. तोवर हिला नाल ठोकली, तर घोडी तुलाच ठेव."

भगीरथकडे ती वळली. तिनं दोर त्याच्या हातात दिला.

...

घोडी पुन्हा बाभळीला बांधून तो राहुटीत आला तेव्हा उस्ताद भाता आवरत होते. भगीरथच्या सदऱ्याला घाण येत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं, आत पू आहे," तो दारातूनच म्हणाला.

"नाल काढली तेव्हा खूर हाताला गरम लागला."

"मग तिथंच का फोडला नाहीत?"

"फोडणार होतो. त्यानं घोडी ओढून नेली. आणि तू पिशवी आपटत भांडायला आलास."

"मला सांगायचं होतं!"

"तू नालेविषयी विचारत होतास."

...

"मी गेलो तेव्हा अडवलं नाहीत," भगीरथ म्हणाला. त्याचा राग अजून उतरला नव्हता, फक्त कुणावर काढावा ते त्याला समजत नव्हतं. "एका शब्दानं अडवलं नाहीत."

"मला त्यानं घोडीजवळ येऊ दिलं नसतं. तुला दिलं असतं."

"आणि मी पुन्हा नाल ठोकली असती तर?"

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तर मी पुन्हा उपटायला आलो असतो."

भगीरथ ऐरणीवर बसला. हाताला घाण होती म्हणून तोंड पुसता येईना.

बाहेर पाखऱ्याचा आवाज ऐकू येत होता. तो राहुट्या-राहुट्यांतून सांगत फिरत होता. कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"ऐकताय ना?" भगीरथ म्हणाला. "सकाळी याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खरं काम केलं तर मी चोर! हा कुठला न्याय, उस्ताद? दोन वर्षं शिकलो, त्याआधी एक वर्ष. आता या बाजारात माझ्यापुढं कोण येऊन उभं राहणार आहे?"

उस्तादांनी हौदातून तांब्याभर पाणी आणलं आणि त्याच्या हातांवर ओतू लागले.

"घोडे येतील," ते म्हणाले. "माणसांचं मला ठाऊक नाही."