कळलावीचे कंद

झालं असं, की राजाच्या बागेतले निशिगंधाचे कंद तिसऱ्यांदा उकरले गेले आणि माळीण भिवराला दरबारात उभं केलं.

"हीच कंद चोरते!" राजाचे मेहुणे रणधीरराव गरजले. "हात तोडा हिचा!"

कंद फस्त करत होतं ते रणधीररावांनीच पाळलेलं साळिंदर. पण मेहुण्यांसमोर बोलणार कोण?

"महाराज, वाफ्यात साळिंदराचे ठसे..." भिवरानं धीर करून सुरुवात केली.

"माझं साळिंदर बागेकडे फिरकतसुद्धा नाही!"

राजानं होकारार्थी मान हलवली. जल्लादानं भिवराचं मनगट धरलं.

"मग बरं झालं बाई," तिनं सुस्कारा सोडला. "कंटाळून काल संध्याकाळी मी त्या वाफ्यात कळलावीचे विषारी कंद पुरले. चोर मरेल, पण मुकं जनावर तरी वाचलं."

रणधीरराव ताडकन उठले. "अरे, वैद्याला बोलवा! पहाटेच तिथं खाऊन आलंय ते!"

जल्लादानं मनगट सोडलं.

"वैद्य नको," भिवरा म्हणाली. "विष मी पुरलंच नाही."

राजा मेहुण्यांवरची नजर न काढता म्हणाला, "आता कंद राखायचे कसे?"

"कुंपण घालायचं, महाराज. बागेला नको, रावसाहेबांच्या दाराला."